ऊब एकीकडे, आडोसा दुसरीकडे: नऊ आठवडे न खाल्लेल्या बॉल पायथनचं प्रकरण

बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला लहान, बिनविषारी अजगर, पाळणाऱ्यांची सगळ्यात नेहमीची तक्रार एकच असते: साप खात नाही. त्यावरचे उपायही आता सगळ्यांना पाठ आहेत. भक्ष्याचा रंग बदला, आकार बदला, जिवंत देऊन बघा, पक्ष्याच्या पिल्लाचा वास लावा. या प्रकरणातल्या पाळणाऱ्या बाईंनी हे सगळं करून पाहिलं होतं. साप तरीही नऊ आठवडे उपाशी होता. भक्ष्यात काहीच बिघडलेलं नव्हतं, बिघाड टाकीत होता, आणि तो डोळ्यांना दिसणारा नव्हता, मोजल्यावरच कळणारा होता. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

साप, त्याचं कार्ड आणि त्याची टाकी

साप मादी. बंदिवासात जन्मलेली, वय अकरा महिन्यांच्या आसपास, लांबी अंदाजे ६५ सेंटीमीटर. ब्रीडरने, म्हणजे तिची पैदास करणाऱ्याने, सोबत खाण्याच्या नोंदींचं कार्ड दिलं होतं. वजन ३५० ग्रॅम. दर सात दिवसांनी रॅटचं (मोठ्या जातीच्या उंदराचं) एक पिल्लू, गोठवून वितळवलेलं, अंधार पडल्यावर. शेवटची नोंद २८ ग्रॅमच्या पिल्लाची, आणि तेही तिने खाल्लेलं. असं कार्ड हाती असणं म्हणजे अर्धं काम झालेलं असतं, पण साप घरी आला की कार्ड बहुतेक वेळा कपाटात जातं. इथेही तसंच झालं होतं.

बाई नवख्या नव्हत्या. त्यांच्याकडे कित्येक वर्षं एक कॉर्न स्नेक (पाळला जाणारा दुसरा एक बिनविषारी साप) आहे आणि तो उत्तम स्थितीत आहे. माझ्या मते घोळाची सुरुवात इथूनच झाली. कॉर्न स्नेक सोशिक प्राणी. थोडा कोरडेपणा, थोडा उजेड, रात्री थोडा गारवा, यातलं काहीही त्याला फारसं बाधत नाही. समोर आलेला माऊस (लहान जातीचा उंदीर) तो भर दुपारीही ओढून नेतो. जी मांडणी त्याला मानवली तीच बाईंनी मोठ्या मापात नव्या सापासाठी उभी केली.

काचेची टाकी १२० बाय ६० बाय ४५ सेंटीमीटर, वर पूर्ण जाळीचं झाकण. तळाला अ‍ॅस्पेन लाकडाच्या भुशाचा पातळ थर. एका टोकाला जाळीवर ७५ वॅटचा उष्णतेचा बल्ब, सकाळी लावायचा आणि रात्री झोपताना बंद करायचा. थर्मोस्टॅट नाही. दुसऱ्या टोकाला, म्हणजे थंड बाजूला, झाडाच्या सालीची अर्धगोल कमान, दोन्ही बाजूंनी उघडी. पाण्याचं भांडं. मधल्या भागात काहीच नाही, कारण साप दिसावा अशी इच्छा. मागच्या काचेच्या मधोमध काट्याचा गोल तापमापक चिकटवलेला, तो २८ अंश सेल्सिअस दाखवायचा. बाईंचा भरवसा त्या २८ वर होता.

दरम्यान प्रयत्न सुरूच होते. आधी पांढरा माऊस, मग काळा माऊस, मग कोंबडीचं पिल्लू. वेळ दुपारची, कारण तेव्हा त्या मोकळ्या असत. एकदा जिवंत माऊस रात्रभर टाकीत सोडला. सकाळी तो ठणठणीत होता आणि सापाच्या पाठीवर दोन ठिकाणी कुरतडल्याच्या खुणा होत्या. जिवंत कृंतक (उंदरासारखा कुरतडणारा प्राणी) सापाजवळ एकटा सोडू नये हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. तरीही उपाशी साप बघून माणूस हे करतोच. शिकारीच्या मनःस्थितीत नसलेला साप उंदराला अडवत नाही, आणि भुकेला उंदीर दिसेल ते कुरतडतो. पुढे ही मादी माऊस दिसला की डोकं वेटोळ्यात घालून गोळा होऊ लागली. त्याला ती रात्र कारण होती असं ठामपणे म्हणता येणार नाही, पण माझा संशय त्या रात्रीवरच आहे.

शिवाय ती माणसाळावी म्हणून रोज हाताळणं होतंच.

माझ्याकडे विषय आला तेव्हा बाईंचा पहिला प्रश्न होता, "जबरदस्तीने भरवायची वेळ आली आहे का?" वजन केलं, ३१८ ग्रॅम भरलं. म्हणजे घट सुमारे ९ टक्के. पूर्ण वाढलेल्या मादीबाबत एवढ्या घटीवर मी फक्त लक्ष ठेवा असं म्हटलं असतं. बॉल पायथनची प्रौढ जनावरं प्रजननाच्या हंगामात महिनोन् महिने खात नाहीत आणि त्यांचं वजन फारसं हलत नाही. पण ही वाढत्या वयाची होती, तिला तसा हंगामी उपवास लागू नव्हता. काळजी करायला कारण होतं. घशात भक्ष्य कोंबायला मात्र नव्हतं. जबरदस्तीने भरवणं हा पशुवैद्याच्या हातचा शेवटचा उपाय आहे. त्यात अन्ननलिकेला इजा होऊ शकते, आणि अंगात ऊब नसलेल्या सापाच्या पोटात ढकललेलं अन्न पचत नाही, ते उलटून पडतं किंवा आतच सडतं.

आधी आजार वगळले

सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे तपासणी झाली. तोंडात लाली नव्हती, हिरड्यांवर चिकट पिवळसर थर नव्हता. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज नव्हता, नाकपुड्यांशी बुडबुडे नव्हते. सापांवरचे माइट्स (रक्त पिणारे बारीक कीटकासारखे जीव) हनुवटीखालच्या खवल्यांच्या फटींत, डोळ्यांच्या कडेला आणि पाण्याच्या भांड्यात बुडालेले सापडतात. तिथे काही मिळालं नाही. ताजी विष्ठा मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून अवस्करातून (विष्ठा बाहेर पडते त्या मार्गातून) नमुना घेतला, त्यात परजीवी दिसले नाहीत. पायथनमध्ये श्वसनाचा चिवट आजार करणारे निडोव्हायरस २०१४ मध्ये ओळखले गेले. त्याची चाचणी करायची का यावर चर्चा झाली, आणि लक्षणं नसल्याने ती तूर्त मागे ठेवली. कॉर्न स्नेक आणि ही मादी यांची साधनं वेगळी ठेवायची, आणि एकीला हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय दुसऱ्याला लावायचा नाही, एवढं मात्र तेव्हाच ठरलं. साल्मोनेलाच्या (सापांकडून माणसाला लागू शकणाऱ्या जिवाणूच्या) दृष्टीनेही ही सवय लागतेच.

सापडलं ते एवढंच: त्वचेला बारीक सुरकुत्या, म्हणजे अंगात पाणी कमी. दोन्ही डोळ्यांवर जुन्या कातीचं पटल राहिलेलं. शेपटीच्या टोकालाही कातीचं कडं अडकलेलं. नाकावरचे खवले घासून फिकट झालेले. पाठीवरच्या खुणा भरून आलेल्या.

हे सगळे धागे एकाच दिशेने जात होते. कात अडकते ती कोरड्या हवेत. नाक घासतं ते बाहेर पडायची वाट शोधताना.

मोजमाप

टाकी मोजायला तीन साधनं वापरली: पृष्ठभागासाठी इन्फ्रारेड तापमापक, हवेसाठी वायरच्या टोकाला सेन्सर असलेले दोन डिजिटल तापमापक आणि आर्द्रतामापक. रात्रीसाठी अंधारात दिसणारा साधा कॅमेरा. काट्याचा तापमापक जिथे होता तिथेच राहू दिला, तुलनेसाठी.

दुपारी बल्बच्या थेट खाली जमीन ४१ अंश. तिथून हातभर अंतरावर २७. थंड टोकाच्या कमानीखाली २३.५. काट्याचा तापमापक अर्थातच २८. तो खोटं बोलत नव्हता. जमिनीपासून वीतभर वर, बल्बने तापलेल्या काचेचं तापमान तो इमानदारीने सांगत होता, पण साप तिथे राहत नव्हता. रात्री बल्ब बंद झाल्यावर दोन-अडीच तासांत सगळी टाकी २१ अंशांपर्यंत उतरायची. आर्द्रता दिवसा ३० टक्के, रात्री ३८.

बॉल पायथनला लागतं काय, तर उबदार बाजूला ३१ ते ३३ अंशांचा पृष्ठभाग, थंड बाजूला २५-२६, रात्रीही २४ च्या खाली नको, आणि आर्द्रता ५५ ते ६५ टक्के, कात टाकायच्या दिवसांत त्याहून थोडी जास्त. म्हणजे इथला एकही आकडा जागेवर नव्हता. पण आकड्यांपेक्षा जास्त सांगून गेलं ते रात्रीचं चित्रण.

दिवसभर, बल्ब चालू असताना, मादी थंड टोकाच्या कमानीखाली. हलत नाही. बल्ब बंद झाला की अर्ध्या तासात बाहेर. काचेच्या कडेने फेऱ्या, जाळीला नाक. मग बल्बखालच्या, अजून किंचित कोमट असलेल्या जागेवर थोडा वेळ. ती जागा गार पडली की पुन्हा फेऱ्या, आणि उजाडायच्या आत पुन्हा कमानीखाली.

हा निशाचर साप आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात तो दिवस काढतो तो कृंतकांच्या बिळांत किंवा वाळवीच्या रिकाम्या वारुळांत. बिळात अंधार, चारी बाजूंनी अंगाला टेकणारी माती, दमटपणा आणि ऊब या चारही गोष्टी एकाच ठिकाणी मिळतात. या टाकीत त्यांची फाटाफूट झाली होती. ऊब एका टोकाला, तीही भर उजेडात उघड्यावर. आडोसा दुसऱ्या टोकाला, आणि तो गारठलेला. मादीला रोज दोन्हींतून एक निवडावं लागत होतं आणि ती रोज आडोसा निवडत होती. ती बाहेर पडायला धजावेपर्यंत ऊब बंद झालेली असायची. टाकीत उष्णता भरपूर होती, पण तिच्या वाट्याला ती कधीच येत नव्हती.

सापाचं पचन बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालतं. त्याला घास पचवायला ३०-३१ अंश लागतात. जिथे ते मिळणार नाहीत तिथे घास घेणं हा धोका आहे, कारण न पचलेलं भक्ष्य आत कुजतं. २३ अंशांत बसलेल्या पायथनने माऊसकडे पाठ फिरवली तर मी त्याला नखरा म्हणणार नाही. त्याच्या शरीराचा तो बरोबर हिशेब आहे.

काय बदललं

टाकी तीच ठेवली. याबद्दल पुढे लिहितो, कारण यावर वाद आहे.

बल्ब काढून त्याजागी थर्मोस्टॅटला जोडलेला सिरॅमिक हीटर आला. त्याला उजेड नसतो, त्यामुळे तो रात्रभर चालू शकतो. दिवस-रात्रीचा फरक कळावा म्हणून बारा तासांचा एक सौम्य दिवा वेगळा. तळाला चिकटवायची उष्णतेची गादी हाही पर्याय होता. पण ती हवा तापवत नाही, आणि जाड थराखाली तिची उष्णता अडकून तळ भाजू शकतो, म्हणून ती बाद केली. उष्णतेचे कृत्रिम दगड तर कधीच वापरू नयेत. पोटाखालची आच धोक्याची झाली तरी साप वेळेवर उठत नाही आणि पोटाचे खवले भाजतात.

भुसा काढून नारळाच्या सालाचा भरड चुरा सात-आठ सेंटीमीटर जाडीने पसरला. अ‍ॅस्पेन वाईट नव्हे, पण ओलं केलं की त्याला बुरशी लागते. पाइन आणि सीडरचा भुसा मात्र त्यांतल्या उग्र तेलांमुळे कुठल्याच सापासाठी नको. जाळीच्या झाकणाचा हीटरखालचा भाग सोडून बाकी तीन चतुर्थांश भाग अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्याने झाकला. आर्द्रता टिकवण्यात सगळ्यात मोठा वाटा याच एका पत्र्याचा होता. पाणी फवारत बसण्याचा उपयोग तासाभरापुरता असतो. चुऱ्याच्या तळाच्या थरात कोपऱ्यातून पाणी ओतलं की खालून दमटपणा येतो आणि वरचा थर कोरडा राहतो, पोटाला सतत ओल लागत नाही.

लपायच्या पेट्या दोन, अगदी एकसारख्या. एकच छोटं दार, छत बुटकं, आत वेटोळं केल्यावर तिन्ही भिंती अंगाला लागतील एवढ्याच. प्रशस्त पेटी माणसाला आवडते. सापाला पाठ टेकायला भिंत लागते. एक पेटी हीटरखाली, एक थंड टोकाला, आणि मधे शेवाळ भरलेला तिसरा दमट डबा, कात सुटण्यासाठी. मधल्या रिकाम्या जागेत फांद्या, साली, प्लास्टिकची पानं इतकी की या टोकाकडून त्या टोकाकडे जाताना ती कुठेही उघडी पडू नये. आडवी जाड फांदीही ठेवली. बॉल पायथन जमिनीवरचाच प्राणी असा समज पक्का झालेला आहे, पण नायजेरियात झालेल्या एका अभ्यासात लहान बॉल पायथनच्या पोटात मुख्यतः पक्षी सापडले होते. चढण्याची सोय दिली की ते ती वापरतात.

तीन बाजूंच्या काचांना बाहेरून गडद कागद लावला. सर्वांत अवघड सूचना शेवटी: दहा दिवस हात लावायचा नाही, घासही दाखवायचा नाही, फक्त पाणी बदलायचं. उपाशी सापाला मुद्दाम आणखी दहा दिवस उपाशी ठेवायचं हे बाईंना पटवणं टाकी बदलण्यापेक्षा कठीण गेलं. त्या वेळी मी त्यांना सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या मादीबद्दल सांगितलं. १९६१ साली तिथे आलेल्या त्या बॉल पायथनने २०२० मध्ये, वयाची साठी ओलांडल्यावर, अंडी घातली, आणि तीही कित्येक वर्षं नर जवळ नसताना. एवढं जगणाऱ्या जनावराच्या हिशेबात दहा दिवस काहीच नाहीत.

पहिला घास

चौथ्या दिवसापासून ती उबदार पेटीत दिसू लागली. आठव्या दिवशी डोळे दुधी झाले, काही दिवसांनी पुन्हा स्वच्छ झाले, आणि मग दमट डब्यात अखंड कात पडली. जुनी पटलं त्या कातीबरोबरच निघाली. ती चिमट्याने काढायचा मोह टाळला होता हे बरं झालं, कारण पटलाखालचा पारदर्शक खवला ओरबाडला गेला तर डोळा जातो. शेपटीचं कडं थोडं उरलं होतं, ते ओल्या कापडात शेपूट धरल्यावर सुटलं. ते तसंच राहिलं असतं तर रक्तपुरवठा तुटून टोक वाळून पडायची भीती होती.

कार्ड कपाटातून बाहेर काढलं आणि त्यावर होतं तेच सगळं केलं. माऊस नाही, रॅट. दुपार नाही, दिवा गेल्यानंतर दोन तासांनी. आकार मुद्दाम लहान, २० ग्रॅम, म्हणजे तिच्या वजनाच्या साधारण ६ टक्के. इतक्या दिवसांच्या खंडानंतर पोटावर भार नको.

गोठवलेलं पिल्लू आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळायला ठेवलं, मग पिशवीसकट कोमट पाण्यात, आणि शेवटी दोन-तीन मिनिटं गरम पाण्यात, पृष्ठभाग ३८-३९ अंश होईपर्यंत. मायक्रोवेव्ह नाही, त्यात एक भाग शिजतो आणि मधला गोठलेलाच राहतो. मग कोरडं पुसून डोकं थोडं जास्त गरम केलं. पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खड्डे असतात. अंधारात त्याला उंदराचा आकार कळतो तो भोवतालच्या हवेपेक्षा जास्त असलेल्या उष्णतेवरून. खोलीच्या तापमानाचा उंदीर त्याच्या लेखी उंदराच्या वासाचा दगड. कॉर्न स्नेकला असे खड्डे नसतात, म्हणून बाईंना इतकी वर्षं गरम करण्याची गरज पडली नव्हती.

लांब चिमट्याने पिल्लू पेटीच्या दारासमोर धरलं. जीभ बाहेर आली, मान ताणली गेली, आणि त्याच क्षणी चिमटा जोरात हलला. "उंदीर जिवंत वाटावा म्हणून हलवला," बाई म्हणाल्या. नाकाशी येऊन आदळणारा उंदीर बिळातल्या सापाला भक्ष्य वाटत नाही, हल्ला वाटतो. मादी गोळा झाली. हलवायचंच असेल तर दारापासून दूर, दाराला समांतर, किंचित. त्या रात्री पुन्हा प्रयत्न केला नाही. पिल्लू तसंच उबदार पेटीच्या दाराशी ठेवून दिवे घालवले. कॅमेऱ्यात दिसलं त्यानुसार पाऊण तासाने डोकं बाहेर आलं, पिल्लू डोक्याकडून धरलं गेलं, मेलेलं असूनही दोन वेटोळी पडली, आणि ते पेटीत ओढलं गेलं.

आठ दिवसांनी २४ ग्रॅमचं पिल्लू, तसंच. या वेळी चिमट्यावरून, दबा धरून मारलेल्या झडपेने.

उलटी

तिसरा घास २८ ग्रॅमचा होता आणि तो तिसऱ्या दिवशी उलटून पडला. अर्धवट पचलेला, भयंकर वासाचा. बाईंना वाटलं आकार जास्त झाला. आकार जास्त नव्हता. भक्ष्य सापाच्या सर्वांत जाड भागाएवढं, या वयात वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास, ही मर्यादा कुठेच ओलांडली नव्हती, आणि या मापाचं पिल्लू तिने ब्रीडरकडे पचवलेलं होतं.

कारण मोजल्यावरच सापडलं. थर्मोस्टॅटचा सेन्सर उबदार पेटीच्या छतावर नुसता ठेवलेला होता. रात्रीच्या फेऱ्यांत तिने तो ढकलून बाजूच्या गार चुऱ्यात पाडला होता. थर्मोस्टॅटला गारवा जाणवत राहिला आणि हीटर अखंड चालू राहिला. छत ४४ अंश, पेटीच्या आत ३७. पोटात भक्ष्य घेऊन ती उबदार पेटीतून निघून थंड टोकाला गेली आणि तिथेच राहिली. म्हणजे फिरून तीच जुनी अडचण, फक्त कारण नवं.

खाल्ल्यानंतर अजगरवर्गीय सापांच्या शरीरात किती उलथापालथ होते याची कल्पना असावी. बर्मी अजगरावरच्या २००५ सालच्या एका अभ्यासात मोठ्या जेवणानंतर ४८ तासांत हृदयाच्या जवनिकेचं (रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याचं) वजन सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेलं आढळलं होतं. आतडं जाड होतं, यकृत वाढतं, चयापचय अनेक पटींनी चढतो. ही यंत्रणा चालू असताना ऊब काढून घेतली तर शरीर भक्ष्य बाहेर टाकून मोकळं होतं. खाल्ल्यावर किमान दोन दिवस हाताळू नये यामागचं कारणही हेच.

उलटीबरोबर पोटातलं आम्लही जातं आणि अन्ननलिका सोलवटते. म्हणून नंतरचे दोन आठवडे काही नाही, फक्त पाणी. मग १५ ग्रॅमचं पिल्लू, आणि ते पचल्यावर हळूहळू वर. या काळात पुन्हा उलटी झाली असती तर विष्ठेची क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीसाठी तपासणी करायची असं पशुवैद्याने सांगून ठेवलं होतं. ती वेळ आली नाही.

सेन्सर आता केबलच्या पट्ट्याने जाळीतून ओवून पेटीच्या छताशी आवळला आहे. चिकटपट्टीने नाही. टाकीच्या आत चिकटपट्टी कधीच लावू नये, साप तिला चिकटतो आणि सोडवताना खवले निघतात. दुसरा, स्वतंत्र तापमापक ३५ अंशांवर गजर देतो. थर्मोस्टॅट लावला म्हणजे काम संपलं असं समजणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो: त्याचा सेन्सर या क्षणी कुठे आहे?

मोठ्या टाकीचा वाद

अनेक जुने ब्रीडर या प्रकरणाचं निदान एका वाक्यात करतील: लहान सापाला मोठी टाकी दिली, म्हणून खात नव्हता. अरुंद डब्यात टाका, आठवड्यात खाईल. त्यांचं निरीक्षण चुकीचं नाही. डब्यात साप खातात, कारण डबा अंधारा असतो, बुटका असतो, दमट राहतो आणि त्याच्या तळाला सगळीकडे ऊब पोहोचते. बिळाचे सगळे गुण त्यात फुकटात येतात. पण त्यावरून जागा जास्त असणं हाच दोष ठरत नाही. १२० सेंटीमीटर लांबीच्या या टाकीत एक सेंटीमीटरही कमी न करता ती खायला लागली. तिला जाचत होता तो रिकामेपणा. पूर्ण वाढल्यावर साप सरळ पसरू शकेल एवढी लांबी तरी असावीच, आणि आयुष्यभर डब्यात ठेवलेला साप नियमित खातो एवढ्यावरून तो बरा राहतो असं मी मानत नाही.

तरी या एका प्रकरणाच्या जोरावर फार पुढे जायला नको. आम्ही उष्णता, आर्द्रता, आडोसा, भक्ष्य, वेळ आणि हाताळणी हे सगळं जवळजवळ एकाच वेळी बदललं. त्यातल्या कशाने किती काम केलं हे वेगळं काढता येत नाही. संशोधन करायचं असतं तर एकेक बदल करून थांबलो असतो, पण समोर वजन घटत चाललेलं जनावर होतं. ऊब आणि आडोसा एकत्र येणं निर्णायक ठरलं असं मी म्हणतो त्याचा आधार दोन गोष्टींचा: खाणं सुरू होण्याआधी ती उबदार पेटीत मुक्कामाला गेली, आणि सेन्सर पडून तिथली ऊब असह्य झाली तेव्हा बाकी सगळं जागच्या जागी असूनही घास उलटला.

सध्याची स्थिती

पहिल्या घासानंतर पाच महिन्यांनी वजन ४६० ग्रॅम. सध्या दर आठ-दहा दिवसांनी वजनाच्या ८ ते १० टक्क्यांचं एक रॅटचं पिल्लू. पूरक जीवनसत्त्वं नाहीत. हाडं, यकृत, केसांसकट आख्खं भक्ष्य हाच सापाचा पूर्ण आहार, आणि सोललेल्या मांसाचे तुकडे देण्यात काही अर्थ नाही, त्यात कॅल्शियमचा मेळ बसत नाही. पाणी रोज बदललं जातं. हाताळणी आठवड्यातून दोनदा, थोडा वेळ, खाल्ल्यानंतरचे दोन दिवस आणि डोळे दुधी असतानाचे दिवस सोडून. माऊस तिने अजूनही स्वीकारलेला नाही, आणि तो स्वीकारावा म्हणून कुणी प्रयत्नही करत नाही.

वजन ७०० ग्रॅमच्या पुढे गेलं की अंतर दोन आठवडे, आणि पूर्ण वाढ झाल्यावर वजनाच्या ५-६ टक्क्यांचा घास तीन ते चार आठवड्यांनी, असं ठरलं आहे. बंदिवासातले बॉल पायथन उपासमारीपेक्षा लठ्ठपणाने जास्त खराब होतात, हे माझं स्वतःचं निरीक्षण. प्रौढ झाल्यावर ती हंगामात खाणं बंद करेल हेही बाईंना सांगून ठेवलं आहे. तेव्हा काय करायचं ते कार्डाच्या मागच्या बाजूला लिहिलं आहे: आधी टाकीतल्या सगळ्या ठिकाणची तापमानं आणि आर्द्रता, मग सेन्सरची जागा, मग दर आठवड्याला वजन. घट १० टक्क्यांच्या पुढे गेली, किंवा तोंड उघडं ठेवून श्वास, नाकाशी बुडबुडे, तोंडात चिकट थर यांपैकी काही दिसलं, तर पशुवैद्य. यांपैकी काहीच नसेल तर दोन आठवड्यांतून एकदा घास दाखवायचा आणि नाकारला तर उचलून घ्यायचा.